जेवायला कुठं थांबायचं, हे कोण ठरवणार?

पत्र: "ताई, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. मुलगी चौदाची, मुलगा नऊचा. वर्षातून दोन-तीनदा गाडी काढून बाहेर पडतो आणि दर वेळी जेवणाच्या वेळेला गाडीत भांडण होतं. सासूबाईंना बाहेरचं चालत नाही, त्यामुळे पहाटे चारला उठून पाच माणसांचा दोन वेळचा डबा मी करते. मिस्टर मोबाइलवर रेटिंग बघत 'अजून पुढं चांगलं आहे' म्हणत तीन वाजेपर्यंत गाडी दामटतात. मुलांना पिझ्झा हवा असतो. मागच्या वेळी शेवटी एका हॉटेलात बसलो, तर बिलात सर्व्हिस चार्ज लावला म्हणून ह्यांनी काउंटरवर अर्धा तास वाद घातला, आणि सासूबाई रोटीचा भाव वाचून 'मला भूकच नाही' म्हणाल्या. मला फक्त एक गरम जेवण हवं असतं, मी न केलेलं. पुढच्या महिन्यात उज्जैनला महाकालच्या दर्शनाला निघालोय, दिवाळीनंतर समृद्धीनं नागपूरला बहिणीकडं जायचंय. माझं काही चुकतंय का? आणि थांबायचं कुठं, हे ठरवायचं कसं?"

उत्तर:

चुकत काहीच नाही. पहाटे चारला उठून दोन वेळचा डबा करणाऱ्या बाईला दुपारी कुणीतरी वाढावंसं वाटलं, तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे? तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात पटलेलं वाक्य तेच, 'मी न केलेलं'. तेवढं एक पक्कं धरा, बाकीचं त्याच्याभोवती बसवता येतं.

पूर्वी हा वाद घराघरात नव्हता, कारण ठरवणारा माणूस पुढं स्टिअरिंगवर बसलेला असायचा. एसटीचा ड्रायव्हर ज्या हॉटेलासमोर गाडी लावेल तिथं सगळ्यांनी उतरायचं. कंडक्टर 'वीस मिनिटं!' असं ओरडून आत जायचा. वडा गार असला, चहा पाणचट असला, तरी कुणी घरच्या माणसाला बोल लावत नसे, कारण हॉटेल घरच्या कुणी निवडलेलंच नसायचं. आता गाडी आपली, मोबाइल प्रत्येकाचा, आणि गाडीतला प्रत्येक जण मनातून ड्रायव्हर. तुमच्या घरात चार माणसं एकाच थांब्यासाठी भांडतायत. थांबे चार करा आणि प्रत्येकाला एक मालक नेमून द्या. मालकानं ठरवलं तिथं थांबायचं, पुढचा थांबा येईपर्यंत त्यावर टीका करायची नाही. निघायच्या आदल्या रात्री जेवताना हे सगळ्यांसमोर बोलून घ्या, कारण गाडीत, ते सुद्धा भुकेच्या वेळी, नियम ठरत नसतात.

आता तुमच्याच रस्त्यावरून जाऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

नाशिक ते उज्जैन साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आडगाव नाका सोडला की ओझर, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा, आणि मग इंदूर. आग्रा रोड आता चौपदरी आहे, मधे डिव्हायडर आहे. ह्या डिव्हायडरचा जेवणाशी फार जवळचा संबंध आहे. पलीकडच्या बाजूचा ढाबा कितीही भरलेला दिसला, तिथून फोडणीचा वास येत असला, तरी तो जाताना तुमचा नाही. तिकडं जायला पुढच्या पुलाखालून वळून यायचं, जेवून पुन्हा तोच वळसा. मग तेवढ्यासाठी लोक उलट्या बाजूनं गाडी घालतात. ते करायचं नाही, एवढं मिस्टरांकडून आधी कबूल करून घ्या. थोडक्यात, जातानाची हॉटेलं वेगळी आणि येतानाची वेगळी, हे धरून चाला.

पहिला थांबा सासूबाईंचा. सहाला घर सोडलंत तर सव्वासाताच्या सुमारास चांदवड येतं. रेणुकामातेचं देऊळ हायवेला लागूनच आहे. दर्शन घ्या, आणि डबा तिथं उघडा. चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, आणि तुम्ही निघालात होळकरांच्याच इंदूरच्या दिशेनं. नातवंडांना ही गोष्ट सांगायला सासूबाईंना आवडेल. डब्याला सन्मानाची जागा आणि वेळ मिळाली की तो दुपारच्या हॉटेलशी भांडायला येत नाही. आत्तापर्यंत तुमच्याकडं डबा दिवसभर मांडीवर असायचा आणि हॉटेलची प्रत्येक पाटी दिसली की 'डबा आहे की!' असं व्हायचं. तो सकाळीच संपवा. मुळात एकाच वेळचा घ्या.

डब्यात काय, यावर थोडं बोलते, कारण बाहेरच्या खाण्याबद्दल सासूबाईंची जी भीती आहे ती घरच्या डब्यालाही लागू पडते. बहुतेक जंतू पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जोमानं वाढतात, आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीतला डबा दिवसभर नेमका त्याच पट्ट्यात असतो. तेव्हा दहीभात, ओल्या खोबऱ्याची चटणी, कांदा घातलेली रसदार बटाट्याची भाजी, हे दुपारी अडीचला उघडायचं म्हणून सकाळी भरू नका. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लोणचं. दशमीची कणीक दुधात भिजवलेली असते म्हणून ती मऊ राहते, आणि प्रवासाला निघालेल्या माणसासोबत ती पिढ्यान्‌पिढ्या गेलेली आहे. हे सगळं आदल्या संध्याकाळी होतं. चारचा गजर लावायचा नाही. आणि एकटीनं करायचं नाही: तुम्ही लाटा, सासूबाई भाजतील, मुलगी डबे भरेल. चौदा वर्षांच्या मुलीला डबा भरता येतो. नऊ वर्षांच्या मुलाला पाण्याच्या बाटल्या भरता येतात, तेही राहू देऊ नका.

निघायचा दिवस सोमवार असेल आणि सासूबाईंचा सोमवार असेल, तर घाबरून उपासाचा वेगळा डबा वाढवू नका. माळव्यात साबुदाण्याची खिचडी सर्रास मिळते. आपल्यासारखी नसते, वरून शेव घालून देतात. ती शेव उपासाला चालते की नाही हा निर्णय त्यांच्यावर सोडा.

दुसरा थांबा मिस्टरांचा, चहाचा, धुळ्याच्या आसपास. तिथं त्यांनी हवी तेवढी रेटिंग बघावीत. चहा फसला तर फार नुकसान होत नाही. मात्र त्यांना एक सांगा. त्या आकड्यात पार्किंग, एसी, लॉनवरचा झोपाळा, कुणाच्या तरी वाढदिवसाची लाइटिंग आणि जेवण असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. ४.१ आणि ४.३ यांतला फरक भुकेल्या माणसाच्या जिभेला कळत नाही. रेटिंग बघायचंच असेल तर तारे सोडून फोटो बघावेत, तेही गेल्या महिन्या-दोन महिन्यांतले आणि गिऱ्हाइकांनी काढलेले. टेबलावर स्टीलचं ताट आहे, त्यात पोळी आहे, वाटीत रस्सा आहे, शेजारी कुणाचं तरी कोपर आलंय, असा फोटो विश्वासाचा.

तिसरा थांबा तुमचा. दुपारचं जेवण. इथं तुम्ही कुणाचंही ऐकायचं नाही.

जागा आधी ठरवू नका, वेळ ठरवा. बारा. फार तर सव्वाबारा. तुमच्या घरातली सगळी भांडणं दोन ते तीनच्या मधे झालेली असणार, मला पत्र न वाचताही सांगता आलं असतं. बाराला पोटात कावळे ओरडत नसतात, म्हणून दोन हॉटेलं नाकारून तिसऱ्यात जाता येतं. स्वयंपाकघरात पहिला घाणा नुकताच उतरलेला असतो, तव्यावर गर्दी नसते, टेबल पुसलेलं असतं. तीनला गेलात की भात गार, भाजी पुन्हा गरम केलेली, आणि वेटर स्वतः जेवायला बसायच्या तयारीत. पाच माणसं, त्यांत एक आजी, एक लहान मूल आणि एक गाडी चालवणारा. ह्यांचं गणित घड्याळावरच बसतं.

चांदवडला पाऊण तास, धुळ्याला चहा, असं धरलं तर बाराच्या आसपास तुम्ही बिजासनच्या घाटात असाल. भरल्या पोटी घाटात शिरू नका, मुलगा नऊचा आहे. घाट झाला की सेंधवा येतं, तिथं जेवा. घाटाआधी फार तर चणे-फुटाणे.

सेंधवा जवळ आलं की मिस्टरांना गाडी डाव्या लेनमध्ये सावकाश घ्यायला सांगा आणि तुम्ही बघा. बघायचं काय? 'ट्रक थांबतात तिथं जेवण चांगलं' हे सगळेच सांगतात. माझा त्यावर अर्धाच विश्वास आहे. ट्रकवाल्याला मोठी गाडी लावायला जागा हवी असते, अंघोळीला पाण्याची टाकी हवी असते, पाठ टेकायला बाज हवी असते. हे सगळं असलं की तो थांबतो, जेवण कसंही असो. मी नंबर प्लेट बघते. हायवेवरच्या हॉटेलात त्याच जिल्ह्याच्या गाड्या उभ्या असतील, त्यांतून बायका-मुलं उतरत असतील, तर ते लोक घरून मुद्दाम तिथं जेवायला आलेत. धुळ्याकडं एमएच १८, मालेगावात एमएच ४१, सेंधव्याला एमपी ४६. मुलांना हे काम द्या. 'आई, एमपी सेहेचाळीस तीन!' असं ओरडण्यात पिझ्झा विसरायला होतो, निदान दहा मिनिटं.

उतरल्यावर लगेच टेबलाशी बसू नका. एकदा बसलं, पाणी आलं, वेटरनं मेन्यूकार्ड ठेवलं की आपल्याकडच्या माणसाला उठून जायची लाज वाटते. म्हणून आधी हात धुवायला जा. बेसिनवर साबण आहे का, टेबल पुसायचं फडकं कसलं आहे, भजीच्या कढईतलं तेल कुठल्या रंगाचं आहे, हे जाता-जाता दिसतं. आणि स्वच्छतागृह बघा. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण प्रवासात तुम्ही पाणी कमी पीत असणार. बहुतेक बायका तेच करतात, घाण जागेत जावं लागू नये म्हणून. सासूबाईंच्या वयाला ते चांगलं नाही, तुमच्याही नाही. स्वच्छतागृह चालण्यासारखं नसेल तर सरळ बाहेर पडा, पुढचं हॉटेल बघा. मधल्या वेळेला पेट्रोल पंपावर थांबा. पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा विनामूल्य द्यायची असा नियमच आहे, पेट्रोल भरलं नाही तरी. कुलूप असेल तर किल्ली मागा, संकोच करू नका.

आता ऑर्डर. बारा पानी मेन्यूकार्ड आलं की ते मुलांच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारच्या टेबलांवर नजर फिरवा. दहातल्या सात जणांच्या ताटात जे आहे, ते त्या हॉटेलात दिवसभर होतं आणि तेच ताजं असतं. कार्डावरच्या चाळीस पंजाबी भाज्या बहुतेक ठिकाणी दोन-तीन तयार ग्रेव्ह्यांतून निघतात. लाल ग्रेव्हीत काजू घातले की एक नाव, मटार घातले की दुसरं. त्यात वाईट काही नाही, पण त्यावरून घरात पंधरा मिनिटं चर्चा करण्यात अर्थ नाही. डोशासाठी प्रसिद्ध नसलेल्या हायवेच्या हॉटेलात डोसा मागवायचा नाही, मंचुरियनचंही तेच. वेटरला 'चांगलं काय आहे?' असं विचारलंत तर तो 'सगळंच चांगलं आहे, मॅडम' म्हणणार, दुसरं काय म्हणेल बिचारा. 'आत्ता गरम काय आहे?' असं विचारा. ह्या प्रश्नाला तो एकदा मागं वळून बघतो आणि मग खरं सांगतो.

थाळी असेल तर थाळी घ्या. लवकर येते, त्यात वरण-भात असतो म्हणून आजी आणि नातू दोघांचं भागतं, आणि तिचा भाव एकदाच वाचावा लागतो. इथं तुमच्या सासूबाईंच्या भुकेवर येते.

मेन्यूकार्ड उघडलं की काही माणसं आधी उजवी बाजू वाचतात. रोटी पस्तीस, आणि मनात हिशेब सुरू होतो की किलोभर पिठात किती रोट्या झाल्या असत्या. हा कंजूषपणा नाही, आयुष्यभर घर चालवल्याची सवय आहे. अशा माणसाला 'तुम्ही पैशाचं बघू नका, आई' असं म्हटलं की त्याची भूक आणखी मरते. त्यापेक्षा उलट करा. प्रवासाच्या जेवणाखाण्यासाठी जी रक्कम धरली असेल ती घर सोडण्याआधी एका पाकिटात घालून सासूबाईंच्या हातात द्या. सगळ्या थांब्यांची बिलं त्यांनी द्यायची, उरतील ते पैसे त्यांनी उज्जैनला हवे तसे खर्च करायचे. पैसे दुसरा उधळतोय हे बघणं आणि स्वतः हातानं मोजून देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रोटी महाग वाटली तर त्या स्वतःच म्हणतील, थाळी सांगा. आणि काउंटरवर मिस्टर जाणार नाहीत हा दुसरा फायदा.

त्या सर्व्हिस चार्जचं मात्र मिस्टरांचं म्हणणं बरोबर होतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही, देणं न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. हॉटेल संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या, पण दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला ह्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा बिल हातात आलं की एकदाच, शांतपणे, 'हा सर्व्हिस चार्ज काढून द्या' म्हणायचं. बहुतेक ठिकाणी काढतात. नाही काढला, तर पैसे द्या, बिलाचा फोटो घ्या आणि गाडीत बसून १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. अर्धा तास वाद घालण्याइतकी ती रक्कम मोठी नसते आणि इंदूर अजून दीडशे किलोमीटर असतं. जीएसटीवरून मात्र भांडू नका, साध्या हॉटेलात तो पाच टक्के लागतो, एसी असो वा नसो. फक्त दारात किंवा बिलावर 'कंपोझिशन' (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) योजनेतलं हॉटेल असं लिहिलं असेल तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. आणि पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त लावले म्हणून टेबलावर बसून हुज्जत घातलीत तर हराल. बसून जेवायच्या हॉटेलांना ती मुभा आहे असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. 'साधं पाणी द्या' म्हणा, किंवा घरचं प्या.

जेवण झाल्यावर वीस मिनिटं कुणी घाई करायची नाही. मिस्टर गाडी चालवणार आहेत, त्यांनी भात कमी खावा, उठून दोन फेऱ्या माराव्यात. तेवढा वेळ तुम्ही खुर्चीत बसून राहा. कुणाला काय हवं-नको बघायला उठू नका. सवय नसेल तर पहिल्यांदा अवघड जाईल.

चौथा थांबा मुलांचा, संध्याकाळचा. मुक्काम इंदूरला करणार असाल तर पिझ्झ्याचा प्रश्न आपोआप सुटतो. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, आणि रात्री ती बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, गरम जिलबी. मुलांना म्हणावं, तुम्ही निवडा, आम्ही मागून येतो. सासूबाई नाक मुरडतील, मग कीस खातील. उभ्या-उभ्या फार वेळ नको, त्यांच्यासाठी छप्पन दुकान ही इंदूरचीच दुसरी खाऊगल्ली बरी पडेल.

जाताना खान्देशातून न जेवता गेलात, ती भरपाई येताना करा. उज्जैनहून सकाळी सातला निघालात तर साडेबारा-एकपर्यंत शिरपूर-धुळ्याच्या टप्प्यात याल. जेवण पुन्हा तुमचंच, आणि ह्या वेळी शेवभाजी सांगा. इथं थोडी सावध राहा. खान्देशी शेवभाजीचा रस्सा काळ्या मसाल्याचा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा, वर बोटभर तर्री. त्यात जाड तिखट शेव टाकली की ती रस्सा पिऊन दोन मिनिटांत फुगते आणि भाजीचा लगदा होतो. म्हणून 'शेव वेगळी द्या' असं सांगायचं. वाटीत गरम रस्सा घ्यायचा, मूठभर शेव स्वतः टाकायची, लिंबू पिळायचं, आणि शेव मऊ पडायच्या आत पोळी बुडवायची. बाहेरून ओली, आत अजून कुरकुरीत, असा तो एक घास असतो. त्यासाठी नाशिकहून धुळ्यापर्यंत गाडी काढायलाही हरकत नाही. मुलासाठी 'तर्री काढून, मीडियम' असं आधी बोला, कारण तिथलं मीडियम आपल्या तिखटाच्या पुढं असतं. आणि लागलंच तिखट, तर पाणी देऊ नका. मिरचीचा जहालपणा पाण्यानं जात नाही. दही द्या, दूध द्या. भाकरी सांगितलीत तर पंधरा-वीस मिनिटं थांबायची तयारी ठेवा. ती आल्यावर पाच माणसांना गरम एकेकच मिळेल, कारण करणारी बाई एकटी असते. तोवर कांदा-पापड.

नाशिककरांना शेवभाजी काय सांगायची, असं वाटेल. आपल्याकडं मिसळीचा अभिमान इतका, की कुठंही रस्सा दिसला की आपण त्याला मिसळीच्या पट्टीनं मोजतो. मिस्टर 'आपल्या मिसळीची चव नाही' असं म्हणायला तोंड उघडतील. पुढचा थांबा येईपर्यंत टीका नाही, ही अट त्यांना आठवण करून द्या.

गाडीच्या कप्प्यात ओआरएसची दोन-तीन पाकिटं टाकून ठेवा. नसली आणि कुणाचं पोट बिघडलं, तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचे चमचे.

नागपूरचं वेगळं आहे. वर सांगितलेलं सगळं समृद्धीवर गुंडाळून ठेवा, तिथं सासूबाई जिंकल्या. हा रस्ता बंदिस्त आहे, मुंबईकडच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर. गाडीला ताशी १२० ची मर्यादा, आणि वाटलं की डावीकडं वळून ढाब्यावर बसता येत नाही. हॉटेल गाठायचं तर इंटरचेंजवरून बाहेर पडायचं, गावात जायचं आणि परत यायचं. सोयी थोड्या आणि लांब-लांब. तेव्हा त्या दिवशी दशम्या दुप्पट करा, थर्मासमध्ये चहा घ्या. आणि गरम जेवण बहिणीकडं. ती नक्कीच वाट बघत असेल, तिला वेळ मात्र खरी सांगा.

राहता राहिली उज्जैनहून परतल्याची रात्र. तिचा विचार कुणीच करत नाही. सहलीहून संध्याकाळी दमून घरी यायचं, बॅगा हॉलमध्ये टाकायच्या, आणि घरातली बाई सरळ ओट्याशी. हा पाचवा थांबा आहे आणि त्याचे मालक मिस्टर. पिंपळगाव सोडलं की त्यांनी फोन करून रात्रीचं पार्सल सांगून ठेवायचं. सासूबाई म्हणतीलच, 'आता बाहेरचं पुरे, खिचडी टाकते.' टाकू द्या. कुकर लावायला त्या, भांडी घासायला मिस्टर, आणि तुम्ही त्या वेळी अंघोळीला गेलेल्या असाल.